वाट पाहण्याची किंमत: गो भाषेत एक छोटा वेब सर्व्हर

वेब सर्व्हरच्या दिवसाचा हिशेब मांडला, तर त्याचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो असे दिसते. मोबाइलवरून विनंतीची पुढची ओळ येण्याची वाट, डेटाबेसकडून उत्तर मिळण्याची वाट, आपण पाठवलेला मजकूर पलीकडच्याने उचलण्याची वाट. साधे पान तयार करायला प्रोसेसरला बऱ्याचदा एक मिलिसेकंदही लागत नाही. रेंजची एकच कांडी दाखवणाऱ्या मोबाइलवरून निघालेली विनंती सर्व्हरपर्यंत पूर्ण पोहोचायला मात्र दोन-तीन सेकंद सहज लागू शकतात. त्यामुळे सर्व्हर कसा लिहावा हा प्रश्न पुष्कळ अंशी वाट कशी पाहावी आणि त्या वाट पाहण्याची किंमत किती द्यावी, असाच असतो. गो भाषेतील ‘गोरूटीन’, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारे हलके काम, ही सोय नेमकी तेवढी किंमत खाली आणते. बाकी कोणतीही किंमत ती खाली आणत नाही. लेखाचा उत्तरार्ध या दुसऱ्या विधानाबद्दल आहे, कारण गोंधळ बहुधा तिथेच होतो.

गो ही भाषा गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ साली आखायला घेतली, नोव्हेंबर २००९ मध्ये ती जाहीर झाली आणि तिची १.० आवृत्ती मार्च २०१२ मध्ये आली. भाषेसोबतच एक तयार वेब सर्व्हर मिळतो आणि तो दोन-तीन ओळींत चालू करता येतो. शिकण्यासाठी मात्र तो अडचणीचा आहे, कारण ज्या गोष्टी पाहायच्या त्या सगळ्या तो पोटात घालतो. म्हणून आपण एक पायरी खाली उतरून थेट टीसीपी कनेक्शनवर, म्हणजे दोन यंत्रांत बाइटांची ने-आण करणाऱ्या जोडणीवर, सर्व्हर उभा करू. कोड न छापता प्रत्येक ओळ काय करते ते मी शब्दांत सांगणार आहे. सगळा कोड लिहिला तरी तो चाळीस-पन्नास ओळींच्या पुढे जात नाही.

एका वेळी एकच पाहुणा

पहिली ओळ ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते की ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, येणारी कनेक्शन्स आपल्याला हवी आहेत. वेबचे नेहमीचे पोर्ट ८० आहे, पण लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी सहसा विशेष परवानगी लागते, म्हणून सरावाला ८०८०. त्यानंतर एक न संपणारा लूप येतो. लूपची पहिली पायरी ‘अ‍ॅक्सेप्ट’ ही असून ती नवे कनेक्शन येईपर्यंत थांबते आणि आले की ते आपल्या हाती देते. दुसरी पायरी त्या कनेक्शनवरून एकेक ओळ वाचत जाते. पहिल्या ओळीत ब्राउझर काय मागतो आहे ते असते, पुढच्या ओळींत हेडर, म्हणजे विनंतीबद्दलची जादा माहिती, असतात, आणि एक कोरी ओळ आली की हेडर संपले असे समजायचे. तिसरी पायरी उत्तर लिहिते: ‘एचटीटीपी/१.१ २०० ओके’ ही स्थितीची ओळ, दोन-तीन हेडर, कोरी ओळ आणि मग मजकूर. त्यानंतर कनेक्शन बंद करायचे आणि लूपच्या सुरुवातीला परतायचे.

इथे मराठी लिहिणाऱ्याला हमखास ठेच लावणारी एक जागा आहे. उत्तराच्या हेडरमध्ये मजकुराची लांबी सांगावी लागते आणि ती बाइटमध्ये सांगावी लागते. ‘नमस्कार’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात न, म, स, हलन्त, क, काना आणि र अशी त्याची सात चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेत असल्याने प्रत्यक्ष लांबी २१ बाइट भरते. लांबी म्हणून कोणी ७ लिहिले, तर ब्राउझर फक्त सात बाइट उचलेल. त्यांत ‘न’ आणि ‘म’ पूर्ण येतील, ‘स’चा एक तृतीयांश येईल, आणि पडद्यावर ‘नम’ व त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकट दिसेल. गोमध्ये शब्दाची लांबी विचारली की ती बाइटमध्येच मिळते, त्यामुळे ही चूक आपोआप टळते. ज्या भाषा चिन्हे मोजतात त्यांच्यात ती रोज होते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हेही हेडरमध्ये सांगावे, नाहीतर ब्राउझरने अंदाज बांधायचा आणि आपण अगम्य चिन्हे वाचायची अशी वेळ येते.

सर्व्हर चालू केला, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, ‘नमस्कार’ दिसले. आता एक छोटा प्रयोग करू. दुसरी खिडकी उघडून टेलनेटने, म्हणजे पोर्टला जोडून हाताने मजकूर पाठवू देणाऱ्या साधनाने, त्याच पोर्टला जोडून घ्यायचे आणि एकही अक्षर न टाइप करता तसेच बसून राहायचे. मग ब्राउझरचे पान पुन्हा मागवायचे. पान येत नाही. चक्र फिरत राहते, कारण आपला लूप टेलनेटच्या पहिल्या ओळीची वाट पाहत उभा आहे आणि ती ओळ कधीच येणार नाही. गंमत म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने कनेक्शन जुळलेले असते. टीसीपीची सुरुवातीची हात-मिळवणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर उरकतो आणि ते कनेक्शन रांगेत लावून ठेवतो. ते उचलायला ‘अ‍ॅक्सेप्ट’पर्यंत कोणी परतत नाही एवढेच. लिनक्समध्ये या रांगेची कमाल मर्यादा पूर्वी १२८ असे, २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ झाली. म्हणजे एका गप्प बसलेल्या पाहुण्यामागे चार हजार माणसे दाराशी ताटकळू शकतात, आणि प्रोसेसर मात्र पूर्ण रिकामा असतो.

आधीची उत्तरे

यावरचे सर्वांत जुने उत्तर सरळ होते: प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र यजमान द्यावा. सुरुवातीच्या सर्व्हरांनी प्रत्येक कनेक्शनसाठी नवी प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्रॅमची वेगळी प्रत, सुरू केली. पुढे प्रक्रियेऐवजी थ्रेड, म्हणजे एकाच प्रक्रियेच्या आत समांतर चालणारे धागे, आले. थ्रेड प्रक्रियेपेक्षा स्वस्त असला तरी तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या दप्तरी नोंदलेला, वजनदार प्राणी आहे. लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे चालू फंक्शनांच्या नोंदींच्या जागेसाठी, साधारणतः ८ मेगाबाइटचा पत्ता-विस्तार राखून ठेवला जातो. दहा हजार थ्रेड म्हणजे जवळजवळ ८० गिगाबाइट. एवढी मेमरी प्रत्यक्षात खर्च होत नाही, वापरलेली पानेच खर्ची पडतात, हे खरे. तरीही हजारो थ्रेडांची नोंद ठेवणे आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी कर्नलमधून फेरी मारणे अंगाशी येते. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये एकाच यंत्रावर दहा हजार कनेक्शन कशी सांभाळावीत हा प्रश्न मांडला आणि ‘सी-टेन-के’ या नावाने तो पुढे वर्षानुवर्षे चर्चेत राहिला.

दुसरे उत्तर अगदी उलट्या टोकाचे होते. थ्रेड एकच ठेवावा आणि कर्नललाच विचारावे की या हजारो कनेक्शनांपैकी कोणावर काही आले आहे का. लिनक्सवर हे काम ‘ईपोल’ करते, फ्रीबीएसडीवर ‘केक्यू’. २००४ साली लोकांसमोर आलेला एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि २००९ मधली नोड ही जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा या दोन्हींचा पाया हाच आहे, आणि मेमरीच्या दृष्टीने हे उत्तर फार काटकसरीचे आहे. त्रास कोड लिहिणाऱ्याला होतो. ‘ओळ वाच, डेटाबेसला विचार, उत्तर लिही’ हे तीन वाक्यांचे सरळ काम तीन वेगळ्या फंक्शनांत चिरून ठेवावे लागते, कारण मध्ये कुठेही थांबायची मुभा नसते. थांबलात की सगळेच थांबले. अलीकडच्या भाषांतील ‘असिंक’ आणि ‘अवेट’ या शब्दांनी ही चिरफाड झाकली आहे, तरी कुठले फंक्शन थांबू शकते आणि कुठले नाही ही वाटणी सगळ्या कोडभर पाळावीच लागते.

तिसऱ्या वाटेने एरिक्सन कंपनीतील एर्लांग भाषा १९८० च्या दशकातच गेली होती. टेलिफोनच्या केंद्रांना एकाच वेळी असंख्य संभाषणे सांभाळायची असतात, त्यामुळे ही गरज त्यांना आधी भासली. गोने तीच वाट आपल्या पद्धतीने धरली, आणि २०२३ मध्ये जावाच्या २१ व्या आवृत्तीतही ‘व्हर्च्युअल थ्रेड’ या नावाने ती आली. लिहिणाऱ्याने प्रत्येक पाहुण्यासाठी सरळ, थांबणारा कोड लिहावा, आणि थांबण्याचे ओझे भाषेच्या अंतर्गत यंत्रणेने उचलावे, अशी ही वाट आहे.

एक शब्द

आपल्या सर्व्हरमध्ये ती वाट धरायला एकच बदल लागतो. वाचणे आणि उत्तर लिहिणे या दोन पायऱ्या वेगळ्या फंक्शनात न्यायच्या आणि लूपमधून त्या फंक्शनाला हाक मारताना तिच्यापुढे ‘गो’ हा शब्द लिहायचा. भाषेचे नाव आणि हा शब्द एकच आहेत. त्या शब्दाचा अर्थ असा की हे फंक्शन स्वतंत्र काम म्हणून सुरू कर, मी त्याच्यासाठी थांबत नाही. लूप लगेच ‘अ‍ॅक्सेप्ट’कडे परततो. टेलनेटवाला हवा तितका वेळ गप्प बसो. त्याचे गोरूटीन त्याच्याबरोबर गप्प बसेल आणि ब्राउझरला ‘नमस्कार’ मिळेल.

आत काय घडते ते समजायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातील ओपीडी डोळ्यांसमोर आणावी. दारात प्रत्येक रुग्णाचा केसपेपर निघतो. त्यावर तपासणी कुठवर आली, काय लिहून दिले, पुढे काय करायचे हे सगळे असते, त्यामुळे रुग्ण रक्त तपासायला गेला तर डॉक्टर त्याच्यासाठी खोळंबत नाहीत; केसपेपर बाजूला सरकवून पुढचा उचलतात. रिपोर्ट आला की कंपाउंडर तो केसपेपर पुन्हा गठ्ठ्यात ठेवतो, आणि तो कोणत्याही डॉक्टरांच्या हाती गेला तरी वरची नोंद वाचून काम तिथूनच पुढे सुरू होते. गोरूटीन म्हणजे हा केसपेपर. डॉक्टर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा खरा थ्रेड. डॉक्टरांना बसायला खोली लागते, आणि खोल्या मोजक्याच असतात. गोच्या यंत्रणेत खोल्यांची संख्या साधारणपणे यंत्रातील कोअरांइतकी असते, आणि २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून ती न सांगताच तशी ठरते.

प्रत्येक खोलीबाहेर केसपेपरांचा स्वतःचा गठ्ठा असतो. एका खोलीचा गठ्ठा संपला, तर तिथले डॉक्टर हातावर हात ठेवून बसत नाहीत, शेजारच्या खोलीच्या गठ्ठ्यातला अर्धा उचलून आणतात. फाइल वाचण्यासारख्या एखाद्या कामात डॉक्टर स्वतःच कर्नलमध्ये अडकले, तर त्यांची खोली काढून दुसऱ्या डॉक्टरांना दिली जाते, म्हणजे खोली रिकामी राहत नाही. आणि एखादा रुग्ण बोलायचा थांबतच नसेल, तर साधारण १० मिलिसेकंदांनंतर यंत्रणा त्याला नम्रपणे बाहेर बसवते. ही शेवटची सोय पूर्ण स्वरूपात फेब्रुवारी २०२० च्या १.१४ आवृत्तीत आली. त्याआधी आत कुठलीही फंक्शन-हाक नसलेला कोरडा लूप एक खोली बेमुदत अडवू शकत असे.

केसपेपर स्वस्त का, याचे उत्तर त्याच्या आकारात आहे. नव्या गोरूटीनला सामान्यतः २ किलोबाइटचा स्टॅक मिळतो, आणि तो कमी पडला तर यंत्रणा दुप्पट आकाराची नवी जागा घेऊन जुना मजकूर तिथे उतरवून काढते. दहा हजार गोरूटीनांचे स्टॅक म्हणजे सुमारे २० मेगाबाइट. साध्या लॅपटॉपलाही ते जाणवणार नाही. या आकड्यावर भाळून लोक एक गोष्ट विसरतात. ओळी वाचण्यासाठी आपण जो बफर, म्हणजे आलेले बाइट तात्पुरते साठवण्याची जागा, वापरतो तो गोमध्ये न सांगता ४ किलोबाइटचा असतो, म्हणजे गोरूटीनच्या स्टॅकच्या दुप्पट. कनेक्शनची खरी किंमत काढताना गोरूटीन हा त्यातला लहान आकडा ठरतो.

एका विनंतीचा प्रवास

आता एकच कनेक्शन जवळून पाहू. ‘अ‍ॅक्सेप्ट’ने ते हाती दिले तेव्हाच गोच्या यंत्रणेने दोन गोष्टी करून ठेवल्या: हे सॉकेट, म्हणजे कनेक्शनचे आपल्याकडचे टोक, कोणालाही अडवून धरणार नाही असे कर्नलला सांगितले, आणि ईपोलच्या यादीत त्याची नोंद केली. मग आपले गोरूटीन सुरू झाले आणि त्याने ओळ वाचायला घेतली. वाचनाची हाक कर्नलपर्यंत गेली; कर्नल म्हणाला, अजून काही आलेले नाही, नंतर या. थ्रेडांच्या जगात इथे थ्रेडच झोपला असता. इथे यंत्रणा गोरूटीनची स्थिती त्याच्या केसपेपरवर नोंदवते, तो बाजूच्या कप्प्यात ठेवते, आणि तोच थ्रेड गठ्ठ्यातले पुढचे गोरूटीन उचलतो. यात कर्नलच्या पातळीवर थ्रेडाची अदलाबदल झालेलीच नसते.

काही वेळाने ब्राउझरचे बाइट नेटवर्क कार्डवर उतरतात. पुढचे काम शोधताना यंत्रणा ईपोललाही विचारते की कोणाकडे काही आले का, आणि त्या उत्तरात आपले सॉकेट असते. गोरूटीन पुन्हा गठ्ठ्यात येते, कदाचित वेगळ्या खोलीच्या, आणि त्याची पाळी आली की वाचनाची तीच हाक पुन्हा होते व या वेळी ओळ मिळते. आपल्या कोडला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी ‘ओळ वाच’ असे म्हटले आणि ओळ आली. म्हणजे खाली ईपोलचे तेच काटकसरीचे चक्र फिरते आहे आणि वर थ्रेडासारखा सरळ कोड आहे. माझ्या मते गोरूटीनचे खरे देणे वेगापेक्षा हा सरळपणा हेच आहे. निव्वळ वेगात चांगला लिहिलेला ईपोलचा सर्व्हर त्याच्या मागे राहत नाही.

जे स्वस्त झाले नाही

‘आजवर किती पाहुणे आले’ हा आकडा पानावर दाखवायचा असे समजू. एक सामाईक संख्या ठेवली आणि प्रत्येक गोरूटीनने तिच्यात एक मिळवला. ही एक ओळ दिसते, पण प्रत्यक्षात ती तीन कामे आहेत: संख्या वाचणे, एक मिळवणे, परत लिहिणे. संख्या ४१ असताना दोन गोरूटीनांनी एकाच वेळी वाचली, तर दोघेही ४२ लिहितात आणि एक पाहुणा हिशेबातून नाहीसा होतो. हजार विनंत्या पाठवून पाहिले तर आकडा कधी हजार येतो, कधी थोडा कमी. आणि चूक कधीकधीच दिसते म्हणून ती जास्त वाईट. यावर कुलूप लावता येते, म्हणजे संख्या हातात असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, किंवा तिन्ही कामे अखंडपणे करणारी प्रोसेसरची सूचना वापरता येते. गोचे ‘चॅनल’, म्हणजे गोरूटीनांनी एकमेकांना मूल्ये देण्याची नळी, वापरून हा आकडा एकाच गोरूटीनच्या ताब्यात देणेही शक्य आहे, आणि ही कल्पना टोनी होअर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारापर्यंत मागे जाते. पण एका आकड्यासाठी चॅनल म्हणजे कोपऱ्यावरून दूध आणायला टेम्पो काढण्यासारखे आहे. कुलूप पुरते.

संख्येऐवजी ‘मॅप’, म्हणजे नावावरून मूल्य शोधायची यादी, सामाईक असेल, तर गोची यंत्रणा एकाच वेळचे लेखन लक्षात आल्यास सगळा प्रोग्रॅमच बंद पाडते, आणि तो बंद पडणे कोडमधून अडवता येत नाही. अशा चुका शोधायला गोच्या बांधणीत ‘रेस’ तपासणीचा पर्याय आहे. तो चालू ठेवला की प्रोग्रॅम २ ते २० पट हळू धावू शकतो, आणि जो रस्ता प्रत्यक्ष चालला गेला तिथलीच चूक तो पकडतो. तरीही चाचण्या चालवताना तो बंद ठेवायला मला एकही सबब पटलेली नाही.

मुदतीचा प्रश्न याहून व्यवहारातला आहे. टेलनेटवाला गप्प बसला तर आता इतरांचे काही अडत नाही, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण त्याचे गोरूटीन, त्याचा बफर आणि त्याचे सॉकेट अडकून पडलेलेच असते. असे शेकडो गप्प पाहुणे मुद्दाम पाठवून, किंवा हेडरची एकेक ओळ अत्यंत सावकाश पाठवून सर्व्हर जेरीस आणण्याची ‘स्लोलोरिस’ नावाची युक्ती २००९ पासून प्रसिद्ध आहे. म्हणून कनेक्शन हाती आल्याबरोबर त्याला मुदत घालावी. गोमध्ये ही मुदत ‘दहा सेकंद’ अशी कालावधीने द्यायची नसून ‘अमुक वाजेपर्यंत’ अशी घड्याळाने द्यायची असते, हे न कळल्याने पुष्कळ जण फसतात. एकाच कनेक्शनवर अनेक विनंत्या घ्यायच्या असतील तर प्रत्येक विनंतीपूर्वी ती पुढे सरकवावी लागते. भाषेसोबतच्या तयार सर्व्हरलाही सांगितल्याशिवाय अशी कोणतीही मुदत नसते, आणि ही उणीव मला आजही खटकते.

सॉकेटही मोजकीच असतात. लिनक्सवर एका प्रक्रियेला एकाच वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फायलींची आणि सॉकेटांची नेहमीची मर्यादा १०२४ असते, गोच्या १.१९ आवृत्तीपासून प्रोग्रॅम सुरू होताना ती शक्य तितकी आपोआप वाढवली जाते, तरी मर्यादा ही असतेच. ती ओलांडली की ‘अ‍ॅक्सेप्ट’ चूक परत करते. त्या वेळी आपला लूप बाहेर पडला तर अख्खा सर्व्हर झोपतो, आणि लगेच पुन्हा प्रयत्न करत राहिला तर प्रोसेसर निष्कारण तापतो. तयार सर्व्हर इथे शहाणपणाने वागतो: तो ५ मिलिसेकंद थांबतो, मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट, आणि जास्तीत जास्त एक सेकंद.

रांग नाहीशी होत नाही, ती सरकते, हे डेटाबेस जोडल्यावर कळते. दहा हजार गोरूटीन आनंदाने सुरू होतात आणि सगळी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या दारात जातात; पोस्टग्रेसची नेहमीची मर्यादा १०० कनेक्शनांची आहे आणि गोच्या डेटाबेस ग्रंथालयाला आपण मर्यादा घातली नाही तर ते हवी तितकी कनेक्शन उघडू पाहते. मग पाहुण्यांना ‘नमस्कार’ऐवजी चूक झाल्याचे संदेश मिळू लागतात. उपाय असा की डेटाबेसच्या कनेक्शनांना मर्यादा घालावी, आणि शिवाय ठरावीक जागा असलेले एक चॅनल घेऊन ‘अ‍ॅक्सेप्ट’ करण्याआधीच त्यातली एक जागा पकडावी व काम संपल्यावर सोडावी. जागा नसतील तेव्हा नवे पाहुणे कर्नलच्या रांगेत थांबतील, म्हणजे आपल्या मेमरीबाहेर. जिथे खरोखर प्रोसेसरचेच काम आहे, उदाहरणार्थ पासवर्डाचा हॅश काढणे, तिथे चार कोअरच्या यंत्रावर चारपेक्षा जास्त कामे एका क्षणी पुढे सरकणार नाहीत. गोरूटीन कितीही काढा. केसपेपर वाढवून डॉक्टर वाढत नाहीत.

माझ्याच हातची एक चूक इथे सांगण्याजोगी आहे. एका छोट्या सेवेत मी प्रत्येक विनंतीसाठी एक जादा गोरूटीन सुरू करून दुसऱ्या सर्व्हरला माहिती विचारत होतो आणि दोन सेकंदांत उत्तर आले नाही तर पाहुण्याला तसे कळवून मोकळा होत होतो. उत्तर उशिरा आले की ते जादा गोरूटीन ते चॅनलवर ठेवायला जाई, पण घेणारा केव्हाच निघून गेलेला असे, आणि बिचारे कायमचे हात पुढे करून उभे राही. मेमरी दिवसागणिक थोडीथोडी चढत गेली. गोची कचरा-सफाई अशा अडकलेल्या गोरूटीनांना उचलत नाही. चालू गोरूटीनांची संख्या छापून पाहिली तेव्हा ती हजारोंत निघाली. चॅनलला एकाच्या जागेची सोय केल्यावर घेणारा नसला तरी देणारा ठेवून निघून जाऊ लागला. दुरुस्ती एका आकड्याची होती.

दुकान बंद करताना

आणखी दोन गोष्टी राहतात. कोणत्याही एका गोरूटीनमध्ये ‘पॅनिक’, म्हणजे काम तिथेच तोडणारी गंभीर चूक, झाले आणि ते तिथेच सावरले नाही, तर सगळा प्रोग्रॅम कोसळतो. एका पाहुण्याच्या वेड्यावाकड्या विनंतीपायी इतर सगळे बाहेर पडतात. तयार सर्व्हर प्रत्येक कनेक्शनपुरते हे सावरून घेतो, आपल्या हाताने लिहिलेला घेत नाही, म्हणून प्रत्येक कनेक्शनच्या फंक्शनाच्या सुरुवातीलाच सावरण्याची व्यवस्था लिहावी, आणि त्याच जागी कनेक्शन बंद करण्याचीही.

दुसरी गोष्ट बंद करण्याची. गोमध्ये मुख्य फंक्शन संपले की उरलेली सगळी गोरूटीन्स जिथे असतील तिथे संपतात. कोणी अर्धे उत्तर लिहिले असेल तर ते अर्धेच राहते. नवी आवृत्ती चढवताना हे रोज घडू शकते. म्हणून बंद होण्याचा इशारा आला की आधी पोर्ट सोडायचे, म्हणजे नवे पाहुणे येणार नाहीत, आणि आत असलेल्यांचे होईपर्यंत ‘वेटग्रुप’ या मोजणीवर थांबायचे. थांबण्यालाही मर्यादा हवी, कारण डॉकरसारखी, प्रोग्रॅम बंदिस्त डब्यात चालवणारी व्यवस्था इशारा दिल्यापासून न सांगितल्यास १० सेकंदच वाट पाहते आणि मग प्रक्रिया सरळ मारते. आपली मर्यादा त्याहून कमी, समजा आठ सेकंद, ठेवावी. मोजणीत एक मिळवण्याची ओळ मात्र ‘गो’ या शब्दाच्या आधी, लूपमध्येच लिहावी. ती नव्या गोरूटीनच्या आत लिहिली, तर ते गोरूटीन अजून गठ्ठ्यात पडलेले असतानाच मोजणी शून्य दिसू शकते, मुख्य फंक्शन सगळे निघून गेले असे समजून दिवे मालवते, आणि नुकताच दारातून आत आलेला पाहुणा अंधारात राहतो.